झऱ्याच्या डोळ्यात पहार

खरं काय ते मी सांगत होते आणि माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. मला तोंडानं बोलता येत नाही, म्हणून अंगानं सांगितलं. भर दुपारी दगडावर येऊन बसले, कातडी ताणली जाईपर्यंत बसले. तर म्हणे अपशकुन. म्हणे आता घरातलं कुणीतरी जाणार. जाणार होतंच कुणीतरी. मीच. पण माझी गणती कोण करतो!

मी एक सॅलमँडर आहे. नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात, टॅकेट खोऱ्यात, एका झऱ्यात राहते. इथले लोक मला झऱ्याची पाल म्हणतात. पाल! पाल कुंपणावर ऊन खात पडते, तिच्या अंगावर खवले असतात. माझं अंग ओलं, गुळगुळीत, नारिंगी, वर काळे ठिपके. नातं सांगायचंच झालं तर मी बेडकाची चुलत बहीण. पण ज्यांना स्वतःचे चुलते दोन खोऱ्यांपलीकडे ओळखू येत नाहीत, ते माझे काय ओळखणार. पाल तर पाल.

आम्हाला फुप्फुसं नसतात. श्वास कातडीनं घ्यायचा. म्हणजे तुम्ही पाण्यात जे ओताल ते थेट आमच्या नाकात. कपड्यांचं साबणपाणी, गाडी धुतल्याचं तेलकट पाणी, तणावर मारायचं औषध, सगळं आम्ही हुंगलेलं आहे. पाणी गार हवं, वाहतं हवं आणि वर दगड हवा. एवढंच मागणं. माणसाला स्वयंपाकघर मोठं हवं, गाडी मोठी हवी, पडदे जुळते हवेत. आम्हाला एक दगड. तोही त्याच्या जागेवर असला म्हणजे झालं.

माझा जन्म वर, डोंगराच्या कुशीत झाला. तिथे रोडोडेंड्रॉनच्या झुडपांची इतकी दाट जाळी आहे की अस्वलसुद्धा शिव्या देत आत शिरतं. आईनं दगडाच्या पोटाला अंडी चिकटवली आणि त्यांच्याखाली राखण करत बसली. बाप कुठे होता विचारू नका, तिनंही विचारलं नाही. पुढची काही वर्षं मी पाण्यातच होते. गळ्याशी कल्ल्यांचे लाल झुबके होते तेव्हा. आमची पोरं अशी सावकाश वाढतात, वर्षानुवर्षं. तेवढी वर्षं पाणी जाग्यावर राहावं लागतं. मग कल्ले गळाले, चार पाय धड झाले आणि मी खायला सुटले. गांडुळं खाल्ली, किडे खाल्ले, अडीनडीला लहान चुलतभावंडंही खाल्ली. मला त्याची लाज नाही. रविवारी चर्चमधून परतताना तुम्ही लोक गाडीत बसून शेजारणीचं जे करता ते काय वेगळं असतं? आम्ही निदान एकदाच गिळतो, घरी पोचेपर्यंत चघळत नाही.

तिथून मला खाली आणलं डेल्फिया टॅकेटनं. चरबीच्या रिकाम्या डब्यात ओलं शेवाळ घातलं, त्यात मला घातलं आणि झाकणाला खिळ्यानं भोकं पाडली. बाई मोठी कडक होती. तिनं घराशेजारच्या झऱ्यावर नवी दगडी खोली बांधून घेतली होती, दूध-लोणी गार ठेवायला. आणि इथली रीत अशी की झरा नव्यानं बांधला की त्यात एक पाल सोडायची. पाल पाणी निर्मळ ठेवते, पाल आहे तोवर पाणी आहे, पाल मेली की झरा आटला. डोंगरातल्या बायकांचा यावर बायबलइतका भरवसा. बायबल निदान कधी कधी उघडतात तरी, हे तर न उघडताच पाठ.

डेल्फियानं मला पाण्यात सोडलं आणि म्हणाली, "ही तुझी जागा. कुणी काढायला आलं तर मला सांग." म्हणजे सांगायची सवय मला तिनंच लावली.

याच रितीच्या घरातले पुरुष काय करतात तेही ऐका. शनिवारी तेच ओढ्यात उतरून दगड उलथे पाडतात, माझी भाचरं डब्यात भरतात आणि तळ्यावर नेऊन गळाला लावतात. बास माशाला झऱ्याची पाल फार आवडते म्हणे. बायको जिला जपते, नवरा तिलाच टोचतो. आणि संध्याकाळी दोघं एका टेबलाशी हात जोडून त्याच माशाबद्दल देवाचे आभार मानतात.

डेल्फिया गेली. घर आणि झरा लेकीकडे, व्हेस्टाकडे आला. व्हेस्टा आईवर गेली होती, फक्त आवाज दुप्पट. दर वसंतात ती झरा साफ करायची ती हातानं. साचलेली पानं काढायची, गाळ उपसायची, साबणाला हात लावायची नाही. मला बाजूच्या कोनाड्यात ठेवायची, काम झालं की परत सोडायची. "चल गं म्हातारे, घर झाडून झालं," म्हणायची. मी म्हातारी आणि ही काय कोवळी शेंग? पण बोलले नाही. बोलता येत नाही हे एका परीनं बरंच आहे.

झऱ्याची खोली स्वयंपाकघराच्या दाराला लागून. नळ आमच्याच पाण्यावर. त्यामुळे त्या घरात कोण काय बोललं, फोनवर काय बोललं आणि फोन ठेवल्यावर काय बोललं, सगळं माझ्या कानावर. कान नाहीत मला, पण दगडातून सगळं येतं.

आता आर्लिस. व्हेस्टाचा नवरा. लग्न होऊन तो या घरात आला तो इथलाच झाला. घरजावई म्हणा. घरजावयाला एक खोड असते, आपलं काहीतरी मोठं करून दाखवायची. आर्लिसनं मधमाश्या पाळल्या, त्या अस्वलानं नेल्या. क्रिसमसची झाडं लावली, ती हरणांनी खाल्ली. जिनसेंगची औषधी मुळं पेरली, ती चोरांनी नेली. दर वेळी त्याचं म्हणणं एकच, कल्पना चांगली होती. आर्लिस वाईट माणूस नाही. वाईट माणसाला निदान धीर असतो.

या उन्हाळ्यात त्याच्या डोक्यात ट्राउट माशांचं तळं शिरलं. परसात तळं खणायचं, मासे सोडायचे, शहरातले लोक येऊन गळ टाकतील आणि फोटो काढतील. तळ्याला पाणी जास्त लागणार. त्यानं झऱ्याचा विषय काढला तेव्हा व्हेस्टा बटाटे सोलत होती. तिनं सुरी खाली ठेवली.

"झऱ्याच्या डोळ्याला हात लावायचा नाही," ती म्हणाली. "आईनं लावला नाही, मी लावला नाही. तू कोण लागून गेलास?"

"मी फक्त विचारलं."

"विचारायचंसुद्धा नाही."

डोळा म्हणजे जिथून पाणी वर येतं ती जागा. खडकाच्या दोन फटी आणि खाली चिकणमातीचा थर. त्या थरामुळे पाणी वर राहतं. मडक्याच्या बुडासारखं समजा. हे मला माहीत होतं, डेल्फियाला होतं, व्हेस्टाला होतं. आर्लिसला एवढंच माहीत होतं की भोक मोठं केलं की पाणी मोठं होतं. हा शोध त्याला बहुधा खिशाचं भोक बघून लागला नसावा.

ऑगस्टात व्हेस्टा बहिणीकडे गेली, शेंगा उकडून बरण्यांत भरून ठेवायला. डोंगरातल्या बायकांचा हा मोठा सोहळा, दोन-चार दिवस चुलीसमोर घाम गाळायचा आणि साऱ्या नात्यागोत्याचा हिशेब करायचा. तिची गाडी वळणाआड गेली आणि आर्लिस पहार घेऊन आत आला. क्रिसमसच्या झाडांचे खड्डे खणायची ती लांब पहार. झाडं गेली, पहार राहिली.

"थोडासाच," तो स्वतःशी म्हणाला. "थोडासाच मोकळा करू."

डोळ्याच्या तोंडाशी जो चपटा दगड होता त्याखाली माझी अंडी होती. मी त्यांच्याखाली बसले होते, माझी आई बसायची तशी. त्यानं पहिल्यांदा तोच दगड उचकटला. मग पहार फटीत घातली आणि तिच्यावर अंग टाकलं. काहीतरी खोल कडाडलं. पाणी असं उसळलं की त्याचा शर्ट भिजला. आर्लिस हसला. टोपी काढून त्यानं स्वतःलाच सलाम केला. जन्मात पहिल्यांदा त्याचं काहीतरी जमलं होतं.

ते जमणं टोपी परत घालेपर्यंत टिकलं. खालून गुडगुड आवाज आला, मोरीत पाणी जाताना येतो तसा. पाण्याची पातळी खाली गेली, आणखी खाली गेली. बूड फुटलं होतं. माझी अंडी काही दगडावर फुटली, काही त्या भोकातून पाण्याबरोबर गेली. आधीच्या वर्षांची पोरं, कल्लेवाली, तीही ओढली गेली. आम्हाला रडायची सोय नाही. अंग आधीच ओलं असतं.

आर्लिस धावत कोठीत गेला. कोंबड्यांच्या खाद्याची रिकामी पोती आणली, त्यांत चिकणमाती भरली, ती भोकात कोंबली आणि वर दगड रचले. फार नीट रचले हो. आयुष्यात एवढ्या निगुतीनं त्यानं दुसरं काही केलं नसेल. मग त्याचं माझ्याकडे लक्ष गेलं.

"काय बघतेस? तू काही पाहिलं नाहीस."

हे इथलं पुरुषी शहाणपण. ज्यानं पाहिलं त्याला सांगायचं की तू पाहिलं नाहीस, म्हणजे झालेलं झालं नाही.

व्हेस्टा परत आली तेव्हा नळाला धार नव्हती, नुसता धागा होता. तिनं हाक मारायच्या आत आर्लिस दारात येऊन म्हणाला, मी काही केलेलं नाही. अजून तिनं काही विचारलंही नव्हतं. एवढ्यावर एखाद्या हुशार बाईनं ओळखलं असतं. पण नवऱ्याच्या बाबतीत बायका फार दयाळू असतात, हुशारी शेजाऱ्यांसाठी राखून ठेवतात.

शेजारी आलेच. हॉबर्ट म्हणून एक आहे, चर्चचा डीकन, म्हणजे कारभारी, सगळ्यांच्या घरात काय चाललंय ते देवाआधी त्याला कळतं. तो म्हणाला, वर डोंगराच्या धारेवर त्या फ्लोरिडावालीनं बोअर मारलंय, त्यानंच तुमचं पाणी ओढलं असणार. फ्लोरिडावाली म्हणजे लोरेन. विधवा बाई, फ्लोरिडातून येऊन वर मोठं काचेचं घर बांधून राहिलेली. तिचा गुन्हा आधीपासून सिद्धच होता, फक्त कशाबद्दल ते ठरायचं होतं.

व्हेस्टानं आर्लिसकडे पाहिलं. आर्लिसनं छताकडे पाहिलं.

"हं," तो म्हणाला. "असेल."

एवढंच बोलला. खोटं बोलायलासुद्धा ज्याला दुसऱ्याचा आधार लागतो असा माणूस.

त्यानंतर जे झालं ते मी फोनवरून ऐकलं, म्हणजे व्हेस्टाच्या बाजूचं ऐकलं. इथे रस्त्यावर समोरून गाडी आली की नमस्कार म्हणून स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायची पद्धत आहे. ओळख असो, नसो, बोट उचलायचं. फ्लोरिडावालीसाठी साऱ्या खोऱ्याची बोटं लाकडाची झाली. अंडीवालीनं अंडी देणं बंद केलं. पाळक टॅल्मेज प्रार्थनेत म्हणाले की प्रभू, परक्यांची हाव आणि आमचं पाणी या दोन्हींकडे लक्ष दे. लोरेन तेव्हा शेवटच्या बाकावर बसली होती. आमेन सगळ्यांनी म्हटलं, तिनंसुद्धा. तिला वाटलं दुसऱ्या कुणाबद्दल चाललंय.

मग कुणीतरी तिला सांगितलं असावं, कारण ती केक घेऊन आली. लिंबाचा केक, झाकलेल्या ताटात. व्हेस्टा जाळीच्या दाराआड उभी राहिली आणि दार उघडलं नाही.

"केक परत ने. तुझं ताट धुवायला माझ्याकडे पाणी नाही."

"मी तुझं पाणी घेतलं नाही गं. माझं बोअर फार खोल आहे, दुसऱ्या बाजूला आहे. येऊन बघ."

"बघितलं. काचेचंच घर आहे, सगळं दिसतं."

लोरेन गेली. आर्लिस पलीकडेच, चुलीपाशी होता. भांडी वाजवत राहिला.

आता सांगा, मी गप्प बसायचं होतं का? डेल्फियानं सांगून ठेवलं होतं, कुणी काढायला आलं तर सांग. आम्ही उन्हात निघत नाही. ऊन म्हणजे आम्हाला मरण. मी निघाले. उघड्या दारातून ऊन पडतं तिथे, आर्लिसनं रचलेल्या त्याच दगडांवर जाऊन बसले, तोंड त्या भोकाकडे करून. याहून स्पष्ट काय सांगणार? बोट असतं तर दाखवलं असतं. बोटं आहेत, पण ती कोण बघतंय.

व्हेस्टानं मला पाहिलं. डोळे मोठे करून पाहिलं.

"आर्लिस, पाल बाहेर आली. आई म्हणायची, पाल निघाली की घर निघतं."

"उचल आणि गळाला लाव," तो बाहेरून म्हणाला. "एखादा मासा तरी येईल."

तिनं ओंजळीत पाणी घेऊन माझ्या अंगावर टाकलं. बाईचं मन वाईट नाही. पण माझ्या नजरेच्या रेषेत दोन वीत पुढे बघितलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. ती दारातून वर बघत होती, डोंगराच्या धारेकडे, काचेच्या घराकडे.

त्या दिवशी जेवताना ती म्हणाली, होमकमिंगचा रविवार झाला की घर विकायचं. होमकमिंग म्हणजे वर्षातून एकदा खोरं सोडून गेलेले सगळे चर्चला परत येतात आणि अंगणातल्या लांब टेबलांवर एकत्र जेवतात. तिचं म्हणणं, सगळ्यांना एकदा शेवटचं जेवू घालू आणि निघू. चर्चच्या नळावरून कॅन भरभरून आणायचे आणि त्यालाच घर म्हणायचं, हे तिला जमायचं नव्हतं. बोअर मारायचंही नव्हतं. आईच्या पाण्यावाचून आईच्या घरात राहून काय करायचं, असं तिनं शांतपणे विचारलं. व्हेस्टा शांतपणे बोलली की समजावं, आतून सगळं मोडलेलं आहे.

तेव्हा तरी माणसानं तोंड उघडावं की नाही? आर्लिस ताकात मक्याचा कॉर्नब्रेड कुस्करत होता. तो कुस्करतच राहिला. बायकोची जन्मभूमी विकली जातेय आणि याचं चाललंय, गाठी राहायला नकोत.

मी निर्णय घेतला. पाणी ज्या वाटेनं गेलं त्या वाटेनं जायचं. पोत्यांच्या कडेनं एक फट होती. मी तिच्यात शिरले. मातीतून, खडकातून, अंधारातून उतरत गेले. आम्हाला त्यात काही विशेष नाही, अर्धं आयुष्य आमचं जमिनीच्या पोटातच जातं. पाणी पुढे पुढे होतं, चांगलं गार, चांगलं वाहतं. आणि ते कुठे निघालं असेल? घराच्या तळघरात. व्हेस्टाच्या स्वतःच्या तळघरात, जिथे तिच्या शेंगांच्या, बीटाच्या, सफरचंदाच्या बरण्या रांगेनं उभ्या आहेत. मागच्या भिंतीच्या पायाशी पाणी झिरपत होतं, जमिनीवरून चर काढून दाराखालून उतारावर जात होतं. साऱ्या खोऱ्यानं एका बाईवर बहिष्कार टाकला आणि पाणी घरातच बसलेलं!

आर्लिसला ते ठाऊक होतं. त्यानं वर फळ्या टाकल्या होत्या आणि व्हेस्टाला सांगितलं होतं, जमीन घामेजलीय, तू खाली उतरू नकोस, पाय घसरेल, काय हवं ते मी आणून देतो. असा प्रेमळ नवरा. सगळा उन्हाळा कोरडा, मका करपला, आणि यांची जमीन तेवढी घामेजते.

त्या चरात मला माझी पोरं सापडली. सगळी नाही. जी उरली ती. कल्ल्यांचे लाल झुबके हलवत दगडाच्या आडोशाला होती. मी त्यांच्याजवळ बसले. एक जरा जास्तच जवळ आलं तेव्हा जुनी भूक आठवली, पण मन आवरलं. प्रसंग पाहून वागावं.

होमकमिंगच्या आदल्या दिवशी आर्लिस टेबलं मांडायला चर्चला गेला होता. व्हेस्टाला बीटाचं लोणचं हवं होतं. वाट बघणं तिला माहीत नाही, ती स्वतःच खाली उतरली. पायाखाली फळी हलली. तिनं फळी उचलली आणि मला पाहिलं.

"तू इथे कशी गं?"

मी हलले नाही. पोरंही हलली नाहीत. ती गुडघ्यांवर बसली, ओली जमीन तिनं हातानं चाचपली, ओंजळीत पाणी घेतलं, चाखलं. आईचं पाणी जिभेला कळतं. मग तिनं मनातलं सगळं मोठ्यानं बोलून पाहिलं, तिची सवयच आहे ती. वरच्या बोअरनं पाणी ओढलं असतं तर ते वर गेलं असतं. हे खाली आलंय. खाली यायला वाट लागते. वाट आपोआप होत नाही.

ती उठली आणि झऱ्याच्या खोलीत गेली. मी खाली होते, पण दगडातून ऐकत होते. एकेक दगड बाजूला काढल्याचा आवाज. मग कापड फाटल्यासारखा आवाज. खाली आली तेव्हा तिच्या हातात चिखलानं भरलेलं पोतं होतं, त्यावर कोंबड्याचं चित्र. तिच्याच कोठीतलं. तिनं ते पायरीवर पसरलं आणि सारखं केलं, जणू इस्त्री करायची आहे.

आर्लिस आला, तिनं काही विचारलं नाही. जेवायला वाढलं. मीठ दे म्हणाला, मीठ दिलं. मला ते ऐकून भीती वाटली. त्याला नाही वाटली. एवढ्या वर्षांत त्याला तिचा एकच सूर ओळखता येतो, मोठा.

आज सकाळी तिनं लोणच्याची एक रिकामी बरणी धुतली, तळाशी शेवाळ घातलं, तळघरातलं पाणी घातलं, मला घातलं, झाकणाला आईसारखी खिळ्यानं भोकं पाडली, आणि आम्ही चर्चला आलो. जन्मात पहिल्यांदा मी चर्चमध्ये बसलेय. लाकडी बाक कोरडा आहे, माणसं कोरडी आहेत, एक बाई मला बघून पंखा जोरात हलवायला लागली. माझ्या एका बाजूला व्हेस्टा, दुसऱ्या बाजूला आर्लिस.

"ही कशाला आणलीस?" त्यानं ओठ न हलवता विचारलं.

"साक्षीला."

तेव्हापासून त्याचा गुडघा हलतोय. बाक हलतो, बरणी हलते, मी हलते.

बाहेर टेबलांवर कापडं टाकून झालीत. तळलेली कोंबडी आहे, शेंगा आहेत, सुक्या सफरचंदाचा थरांचा केक आहे. सगळ्यांचं लक्ष तिकडे आहे, म्हणून पाळक टॅल्मेज यांनी प्रवचन आवरतं घेतलं आणि विचारलं, कुणाला उभं राहून साक्ष द्यायची आहे का. इथे ही रीत आहे. कुणी उठतं, गुडघा बरा झाल्याचं सांगतं, रडतं, बसतं. व्हेस्टा उठली. बरणी तिनं छातीशी धरली.

ती आधी मागे वळली, शेवटच्या बाकाकडे.

"लोरेन, तू माझं पाणी घेतलं नाहीस. मी तुला दार उघडलं नाही. तुझा केक परत पाठवला. चुकलं माझं."

लोरेन म्हणाली, "तो केक तसाही करपलेला होता."

दोघी-तिघी हसल्या. हॉबर्ट हसला नाही. त्यानं विचारलं की मग पाणी नेलं कुणी, बोअर नाही तर काय. पुढून एक म्हातारा म्हणाला, हे सैतानाचं काम. बऱ्याच जणांनी माना हलवल्या. सैतान सोयीचा असतो. त्याला या खोऱ्यात घर नाही, बायको नाही, तो जेवायला बसलेला नसतो.

"सैतानाला माझ्या कोठीतली पोती कुठे सापडली?" व्हेस्टा म्हणाली.

मग तिनं सगळं सांगितलं. डोळा फोडलेला, पोती कोंबलेली, तळघरात पाणी, तळघरात मी. एक नाव तेवढं बाकी ठेवलं. चर्चमध्ये पंखे थांबले. सगळ्यांना कळलं होतं. सगळे तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत होते, म्हणजे जागा रिकामी नव्हती, पण तिथला माणूस इतका लहान झाला होता की तशीच दिसत होती.

पाळक म्हणाले, "भगिनी व्हेस्टा, नाव घ्यायची काय गरज? देवाला माहीत आहे."

"त्या दिवशी इथूनच परक्यांची हाव म्हणून तिला ऐकवलंत तेव्हा गरज होती, पाळकसाहेब. आज जेवण थंड होतंय म्हणून नाही?"

ती थांबली आहे. बरणीच्या झाकणावर, भोकांवरच, तिचा अंगठा आहे. घरात त्याला खडसावणं वेगळं. इथे एकदा बोललं की ते कायमचं, तो आणि ती दोघंही उद्यापासून त्या नावाबरोबर राहणार. मला तिची घालमेल कळते. मीही थांबले होते ना एकदा, त्या लहानग्यासमोर, तोंड उघडू की मिटू म्हणून.

तेवढ्यात मी माझं म्हणून घेते. बरणीतलं पाणी कोमट व्हायला लागलंय आणि माझ्याकडे फार वेळ नाही. तुम्हाला कुणाला बोल लावायचा तो लावा, जेवा, रडा, पण त्यानंतर कुणीतरी मला तळघरात नेऊन सोडा. पोरं तिथे आहेत. पाण्यानं नवी जागा धरली आहे, ती त्याला ठेवू द्या. नळ तिथून घ्या, घर विकू नका. दगड जिथे आहे तिथे राहू द्या. ओढ्यात पोहायला उतराल तेव्हाही राहू द्या. त्याच्याखाली कुणी राखण करत बसलेलं असतं. आणि पुढच्या वेळी आमच्यातलं कुणी भर उन्हात येऊन बसलं, तर ते कुणीकडे बघतंय तेवढं बघा. एवढ्यासाठी शाळा शिकावी लागत नाही.

आर्लिसनं तिच्या बाहीला हात लावला. "घरी बोलू," तो पुटपुटला.

"घरी पाणी नाही," ती म्हणाली.

या डोंगरात माणसाची तिन्ही नावं एकदम घेतली, आई घेवो नाहीतर बायको, की समजावं, आता त्याची सुटका नाही. व्हेस्टानं झाकणावरचा अंगठा उचलला, मला थोडी हवा लागली, आणि ती मागच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

"आर्लिस ड्यूई प्रुइट."